मासे घरी करायचे, पण पसारा नको: आच कमी, झाकण बंद

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात सगळ्यांना मासे आवडतात, पण केले की ओट्यावर तेलाचे शिंतोडे, तव्याला चिकटून बसलेली साल, सिंकमध्ये पाच-सहा भांडी आणि दुसऱ्या दिवशीही पडद्यांत रेंगाळणारा वास. कामावरून दमून आल्यावर हे आवरायचं त्राण उरत नाही, म्हणून मासे घरी होतच नाहीत. कमी भांड्यांत, कमी वेळात, वास न पसरवता मासे करता येतात का?

येतात. मी बावीस वर्षं स्वयंपाकाचे वर्ग घेते आहे, आणि त्यात माशांचा वर्ग मला सगळ्यांत जवळचा. सुरुवातीची काही वर्षं मी पहिल्याच दिवशी तळलेला मासा शिकवायचे. लोकांना तो उत्तम जमायचा, आणि महिन्याभराने विचारलं की कळायचं, घरी कोणी पुन्हा केलाच नाही. कारण प्रत्येकाचं एकच: मागचं आवरणं. मग मी क्रम उलटा केला. आधी वाफेवरचा, मग पुडीतला, मग एका भांड्यातला, आणि तळणं अगदी शेवटी. त्यानंतर लोक आठवड्यातून दोनदा मासे करू लागले. म्हणून तुमचा प्रश्न मला आळशीपणाचा अजिबात वाटत नाही. घरात मासे होणार की नाही, हे या आवराआवरीवरच ठरतं.

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. मासा कोरडा होणं आणि ओटा घाण होणं, या दोन्हींचं मूळ एकच आहे: गरजेपेक्षा जास्त आच, आणि तीही उघड्यावर. एक सुधारली की दुसरी आपोआप सुधारते.

हे असं का, ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या कृती पाठ कराव्या लागणार नाहीत. मासा पाण्यात तरंगतो. जमिनीवरच्या जनावरासारखं त्याला स्वतःचं वजन पेलावं लागत नाही, म्हणून त्याच्या स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट धागे थोडे आणि नाजूक असतात. स्नायूंचे आखूड तंतू पापुद्र्यांसारखे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यामधला पातळ पडदा थोड्याशा उष्णतेनेच विरघळतो. मटण मऊ व्हायला वेळ लागतो, मासा मुळातच मऊ असतो. साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास पापुद्रे सुटायला लागतात, आणि ६५ च्या पुढे गेलात की तंतू आकसून आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घरच्या स्वयंपाकासाठी सांगितलेलं सुरक्षित तापमान आहे ६३ अंश, तेही तुकडीच्या मधोमध. म्हणजे सुरक्षित आणि रसाळ यांच्यात जागा आहे, पण ती अरुंद आहे. कडकडीत तेलाचं तापमान १७० ते १८० अंश असतं. तेवढ्या तापात ही अरुंद जागा काही सेकंदांत मागे पडते. उकळत्या पाण्याची वाफ मात्र १०० अंशांच्या वर जात नाही. ती माशाला हळू शिजवते, तुम्हाला थोडी सवड देते, आणि तिचे शिंतोडे उडत नाहीत.

आता वासाबद्दल, कारण बहुतेकांचा खरा नकार वासालाच असतो. समुद्रातल्या माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. खाऱ्या पाण्यात शरीराचा तोल राखायला तो त्याला उपयोगी पडतो आणि त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि आपण ज्याला हिवस वास म्हणतो तो हा. याचा अर्थ सरळ आहे: ताज्या माशाला हा वास जवळजवळ नसतो. घरात शिरताक्षणी वास येत असेल तर दोष स्वयंपाकाचा नाही, मासा जुना आहे. लिंबू किंवा व्हिनेगर लावल्यावर वास दबतो, कारण आम्लामुळे हे संयुग हवेत उडून जाणाऱ्या रूपात राहत नाही. गोड्या पाण्यातल्या माशाला येणारा चिखलासारखा वास वेगळ्या कारणाने येतो. तो जिओस्मिन या द्रव्याचा असतो, पण आम्लाने तोही कमी होतो. उरला तळताना पसरणारा वास. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब वाफेबरोबर उडतात, भिंतींवर आणि कापडांवर बसतात, आणि वास तिथेच मुक्काम करतो. खिडकी उघडून तो जात नाही, कारण तो आता हवेत नसतोच. झाकण ठेवलं तर तो मुळात भांड्याबाहेर पडत नाही.

तर मग कृतीकडे. पण त्याआधी विक्रेत्याकडची दोन मिनिटं. खवले काढणं, पोट साफ करणं, कल्ले काढणं, हे सगळं तिथेच करून घ्या. घरी एक खवला चिकटला की तो तीन दिवसांनी फ्रीजच्या दारावर सापडतो. सुरुवात करत असाल तर काटा नसलेली, दोन ते अडीच सेंटिमीटर जाडीची, सारख्या आकाराची तुकडी घ्या. सारखेपणाला फार महत्त्व आहे: पातळ शेपटी आणि जाड पाठ एकत्र शिजवलीत तर एक कोरडी होते किंवा दुसरी कच्ची राहते. शेपटीकडचा पातळ भाग खाली दुमडून घेतला की जाडी सारखी होते. घरी आणल्यावर मासा धूत बसू नका. नळाखाली धुतल्याने पाण्याचे शिंतोडे सिंकभर आणि ओट्यावर उडतात आणि जिवाणूही त्यांच्याबरोबर पसरतात. कागदी रुमालाने दोन्ही बाजू दाबून कोरड्या करा, तो रुमाल लगेच टाका, झालं. हे सगळं ताटात किंवा पाटावर न करता मासा ज्या कागदात आला त्याच कागदावर करा. एक भांडं तिथेच वाचलं.

एक पायरी मात्र मी कधीच टाळत नाही, ती म्हणजे आधी मीठ लावून ठेवणं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. सॅमनसारख्या तेलकट माशावर शिजताना पांढरा फेस येतो, तो बघून अनेक जण घाबरतात. ते प्रथिन आहे, तंतू आकसताना बाहेर ढकललं जातं. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तुकडी दहा मिनिटं ठेवलीत, तर हा फेस बराच कमी येतो आणि मासा आतपर्यंत चवदार होतो. आच मंद ठेवली तर आणखी कमी.

ताटलीतच वाफवणं. ज्या ताटलीत खाणार, त्याच ताटलीत शिजवायचं. मोठ्या कढईत दोन बोटं पाणी, मध्ये एक स्टँड किंवा उलटी वाटी, त्यावर थोडी खोलगट ताटली. तळाशी आल्याच्या आणि कांद्याच्या पातळ चकत्या पसरा, वर मासा ठेवा. चकत्यांमुळे मासा ताटलीला चिकटत नाही आणि वाफ खालूनही फिरते. पाणी उकळायला लागल्यावरच ताटली आत ठेवा, आधी नाही. झाकण घट्ट लावा. अडीच सेंटिमीटर जाडीला आठ ते दहा मिनिटं. झाकणाखाली स्वच्छ फडका बांधलात तर वाफेचं पाणी माशावर ठिबकत नाही. बाहेर काढल्यावर ताटलीत जे पाणी साचतं, ते एकदा चाखून बघा. थोडं हिवस वाटलं तर ओतून द्या आणि वर दोन चमचे गरम तेल, लसूण आणि लिंबू घाला. चांगलं लागलं तर तोच तुमचा रस्सा. कढईत फक्त पाणी होतं, ती विसळून ठेवायची. घासायला एकच ताटली.

कागदाची पुडी. मला विचाराल तर दमलेल्या माणसासाठी याहून चांगली पद्धत नाही, म्हणून इथे थोडी थांबते. बेकिंगचा पार्चमेंट कागद घ्या, ज्याला आपण दुकानात बटर पेपर म्हणतो. पण नीट बघून घ्या, कारण मेण लावलेला कागदही त्याच नावाने विकला जातो आणि तो ओव्हनमध्ये वितळतो. खऱ्या पार्चमेंटवर सिलिकॉनचा थर असतो आणि पाकिटावर तो किती अंशांपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं, बहुधा २२० च्या आसपास. साधारण हातभर लांबीचा तुकडा घेऊन मधोमध घडी घाला. एका अर्ध्या भागावर आधी भाजी, वर मासा, वर चमचाभर तेल, मीठ, मिरपूड, लिंबाच्या दोन चकत्या. दुसरा अर्धा वर आणून कडा लहान लहान घड्यांनी दुमडत जा, प्रत्येक घडी आधीच्या घडीवर अर्धी चढेल अशी. शेवटचं टोक पिळून खाली दाबा. आत थोडी हवा राहू द्या, कारण वाफेला फिरायला जागा लागते. २०० अंशांवर बारा ते चौदा मिनिटं. कागद फुगला आणि कडेने किंचित तपकिरी झाला की समजा झालं.

बहुतेकांची चूक होते ती भाजीत. बटाट्याच्या जाड फोडी किंवा गाजराचे तुकडे बारा मिनिटांत शिजत नाहीत, आणि ते शिजेपर्यंत थांबलात तर मासा वाळतो. पुडीत जायची भाजी एक तर पटकन शिजणारी हवी (टोमॅटो, पालक, दुधी भोपळ्याच्या पातळ चकत्या, ढोबळी मिरची), नाहीतर कागदाएवढी पातळ चिरलेली. पाणी वेगळं घालायचं नाही, टोमॅटोचं आणि माशाचं सुटतं तेवढं पुरतं.

ओव्हन नसेल तर तीच पुडी जाड बुडाच्या कोरड्या कढईत ठेवा, झाकण लावा, मध्यमपेक्षा थोडी कमी आच, दहा ते बारा मिनिटं. पुडीची टोकं भांड्याबाहेर आणि ज्योतीजवळ येता कामा नयेत, एवढी काळजी घ्या. उघडताना तोंड लांब ठेवा, वाफ जोरात येते. खाऊन झालं की काटे आणि साल त्याच कागदात गुंडाळून टाका. घासायला काहीच नाही. प्रत्येकाची पुडी वेगळी करता येते, हाही मोठा फायदा: एकाला तिखट, एकाला फिकं, आणि वेगळी भांडी नाहीत.

कागदाऐवजी फॉइल वापरलं तर चालतं का, हे मला प्रत्येक वर्गात विचारतात. चालतं, पण लिंबू, टोमॅटो आणि मीठ थेट फॉइलला लागू देऊ नका. आम्ल आणि मीठ मिळून ॲल्युमिनियम झिजवतात, फॉइलला बारीक भोकं पडतात आणि जेवणाला धातूची चव येते. आत कागद, बाहेर फॉइल असं केलंत तर काहीच अडचण नाही.

एकाच भांड्यातला टोमॅटोचा मासा. पसरट भांड्यात तेल, लसूण, कांदा, टोमॅटो आणि आवडीचा मसाला घालून आधी रस पूर्ण तयार करा. कांदा शिजलेला, टोमॅटो आटलेला, मीठ बरोबर. मासा घातल्यावर चव सुधारायला वेळ मिळत नाही. मग आच मंद करा, तुकड्या रसात अर्ध्या बुडतील अशा ठेवा, झाकण लावा. सहा ते आठ मिनिटं. उलटवायच्या नाहीत, ढवळायचं नाही. भांडं दोन्ही हातांनी धरून हलकेच फिरवलं की रस वर येतो. आम्ल रसातच असल्याने ही पद्धत वासाच्या बाबतीतही सगळ्यांत सुरक्षित आहे.

ट्रेमधला मासा आणि बटाटे. चार माणसांचं जेवण एका ट्रेमध्ये होतं, फक्त वेळ चुकवायची नाही. बटाट्याच्या दोन सेंटिमीटरच्या फोडींना २०० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं लागतात, माशाला दहा ते बारा. म्हणून ट्रेवर कागद अंथरा, बटाटे तेल-मीठ लावून एकटेच आत घाला. बावीस-तेवीस मिनिटांनी ट्रे बाहेर काढा, बटाटे बाजूला सरका, मधल्या जागेत मासा ठेवा, आणि पुन्हा आत. दोन्ही एकाच वेळी तयार होतात. सगळं एकदम आत टाकून मिळालेल्या वाळक्या माशावरून ‘मला मासे जमत नाहीत’ असं ठरवलेली माणसं मला दर वर्गात भेटतात. त्यांना मासे जमत होते, वेळेचं गणित कोणी सांगितलं नव्हतं.

गणित म्हणजे खरं तर एकच आकडा: दर अडीच सेंटिमीटर जाडीला दहा मिनिटं. स्वयंपाकाच्या जगात हा ‘कॅनेडियन नियम’ म्हणून ओळखला जातो. कागदात असेल तर दोन-चार मिनिटं जास्त. पण घड्याळापेक्षा टोकदार सुरी खरं सांगते. सर्वांत जाड भागात ती आत घालून हलकेच तिरकी करा. पापुद्रे सुटताहेत, आतला पारदर्शकपणा गेलाय पण चकाकी आहे, म्हणजे लगेच उतरवा. उतरवल्यावरही आतला ताप मिनिटभर काम करतो.

कुरकुरीत मासा हवाच असतो कधी कधी, आणि हवा असण्यात काही गैर नाही. तेव्हा तव्यावर, तव्याच्या तळापेक्षा थोडा लहान असा कागदाचा गोल ठेवा. खाली चार थेंब तेल, वर एक चमचा, आणि त्यावर अगदी कोरडी केलेली तुकडी, साल खाली. मासा चिकटतो तो प्रथिनं तापत्या धातूला बांधली जातात म्हणून. मध्ये कागद आला की तो बंध जुळतच नाही. मध्यम आच, पहिलं मिनिटभर उलथन्याने हलकेच दाबून धरा म्हणजे साल आकसून वळत नाही. सालीच्या बाजूनेच सत्तर-ऐंशी टक्के शिजू द्या, उलटल्यावर एखादंच मिनिट. तेल इतकं थोडं असतं की शिंतोडे तव्यातच राहतात. कागदाची कड तव्याबाहेर आली तर पेट घेईल, म्हणून गोल लहानच कापा. आणि मासा ओला असेल तर हे काहीच चालणार नाही: पाणी आटेपर्यंत रंग येत नाही आणि तोवर आतला भाग वाळतो.

मायक्रोवेव्हला नावं ठेवू नका. झाकलेल्या काचेच्या भांड्यात, मध्यम शक्तीवर, १५० ग्रॅमची तुकडी तीन-चार मिनिटांत वाफवल्यासारखी होते. दोन मिनिटांनी एकदा बघा. भात कुकरमध्ये शिजत असेल तर शेवटच्या दहा मिनिटांसाठी कागदाची पुडी भातावर ठेवता येते, पण हे विजेच्या, झाकण उघडता येणाऱ्या कुकरचं आहे. प्रेशर कुकरमध्ये मासा घालू नका. डब्यातला मासा डब्यातच शिजवलेला असतो, त्याला तापवायचीही गरज नाही. पाणी किंवा तेल काढून गरम भातात किंवा उकडलेल्या बटाट्यात मिसळा, लिंबू पिळा.

गोठवलेला मासा ही या सगळ्यातली माझी आवडती सोय आहे, कारण तो तुकडे केलेला, साफ केलेला असतो. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवून विरघळू द्या. हवाबंद पाकीट असेल तर ते आधी फोडा: हवा नसलेल्या जागी, फ्रीजच्या थंडाव्यातही, घातक विष तयार करणारे काही जिवाणू वाढू शकतात. घाईत असाल तर पिशवीत घालून थंड पाण्यात, गरम पाण्यात कधीच नाही. ताजा मासा फ्रीजमध्ये ४ अंशांखाली ठेवून एक-दोन दिवसांत संपवा. ट्यूना, बांगडा अशा माशांबाबत मी विशेष कडक आहे. ते उबेत राहिले तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, उलट्या, हे सगळं त्याने होतं. शिजवलेला मासाही दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तापवू नका. माशाची चरबी फार लवकर हवेशी अभिक्रिया करते, तापवलं की घरभर शिळा वास येतो. थंडच खा, कांदा-लिंबू घालून कालवून. मला तर तो तसाच जास्त आवडतो.

धुण्याबद्दल एकच गोष्ट, पण ती उलटी केली जाते. माशाचं भांडं आधी थंड पाण्याने विसळा. गरम पाणी ओतलं की प्रथिनं तिथेच शिजतात आणि वास धरून बसतात. प्रथिनं गेल्यावर गरम पाणी आणि साबण, तो चरबीसाठी. ओट्यावरून शेवटी व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याचा फडका फिरवा. माशाची घासणी वेगळी ठेवा, नाहीतर सकाळच्या चहाच्या कपाला वास येतो.

आणि राहिलेली साल, काटे, पुसलेले कागद हे रात्रभर कचऱ्याच्या डब्यात ठेवू नका. सगळं एका पिशवीत बांधून फ्रीझरच्या कोपऱ्यात टाका, कचरा न्यायची वेळ आली की तसंच गोठलेलं बाहेर. माझ्याकडे त्यासाठी एक निळी पिशवी कायम फ्रीझरमध्ये असते.